कुलुपाआडची दुपार

नाशिकच्या इंदिरानगरात सुट्टीच्या दिवशी पावसाची झड लागली, की घरातील माणसे दोन तासांतच कंटाळून जातात. कोणी खिडकीशी जाऊन उभे राहते, कोणी वाचलेलेच वर्तमानपत्र पुन्हा चाळते. दार उघडे असते, म्हणून त्या कंटाळ्यास कोणी दुखणे म्हणत नाही. परंतु दाराला बाहेरून कुलूप असेल आणि ते केव्हा निघेल हे ठाऊक नसेल, तर हाच कंटाळा कोणते रूप घेतो, याचा विचार सुशिक्षित घरांतून क्वचितच होतो.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातील जुनी सरकारी मनोरुग्णालये. पैकी ठाण्याचे १९०१ सालचे. अशा ठिकाणच्या बंदिस्त कक्षात चहा, औषध व जेवण एवढेच दिवसाचे टप्पे. मधल्या तासांना काही उद्योग नसला, तर रोगी भिंतीशी बसून राहतो, येरझारा घालतो, भरदिवसा निजतो, क्वचित शेजाऱ्याशी भांडतो. पाहणारा म्हणतो, हे रोगाचेच लक्षण! शाळेत चलाख मुलाला तासभर स्वस्थ बसविले, तर तोही खोड्या काढतो. त्याला मात्र कोणी रोगी ठरवीत नाही.

इंग्लंडात जॉन विंग व जॉर्ज ब्राउन यांनी तीन मनोरुग्णालयांतील रोग्यांची काही वर्षे पाहणी केली. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात असे दिसून आले, की ज्यांचा काहीही न करता जाणारा वेळ कमी झाला, त्यांच्यातच सुधारणा विशेष दिसली. म्हणजे रोग्याच्या अबोल, थंड वृत्तीत रोगाचा वाटा किती आणि रिकाम्या दुपारींचा किती, हे तपासूनच पाहावे लागते.

आपल्याकडे कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. हाताला मनाजोगते काम देणे हा उपचाराचाच भाग, हे त्यामागील सूत्र. मात्र काम म्हणजे फुकटची झाडलोट नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्यास मनोरंजन व शिक्षण यांच्या वाजवी सोयींचा हक्क दिला. सक्तीचे काम मना केले. केलेल्या कामाचा योग्य मोबदलाही त्याचा ठरविला.

नातेवाईक भेटीस येतात तेव्हा केळी, बिस्किटे आठवणीने आणतात. क्वचित एखादाच पत्त्यांचा जोड, लोकरीचा गुंडा किंवा कोरी वही आणता येईल का, असे परिचारिकेस विचारतो. मग भेटीची वेळ संपते. नाशिकची एस. टी. गाठण्यासाठी मंडळी लगबगीने निघतात, आणि आत रात्रीच्या जेवणाला अजून तीन तास असतात.