यकृताचा कर्करोग आणि रक्ताची साक्ष

यकृतासारखा सोशीक अवयव शरीरांत दुसरा नाहीं. त्याचा बराचसा भाग निकामी होईपर्यंत रोग्याला कांहींच जाणवत नाहीं, आणि खरा धोका याच सोशीकपणांत आहे. काविळीचे विषाणू, मद्य किंवा सांठलेला मेद यांचा मारा वर्षानुवर्षें चालला म्हणजे यकृतांत जागोजाग व्रणतंतू माजतात, गांठी उठतात व तें घट्ट होतें. हेंच यकृद्दाल्युदर. फ्रेंच वैद्य लाएनेक यांनीं १८१९ मध्यें त्याला ‘सिरोसिस’ हें नांव दिलें.

अशा यकृतांत कर्करोग उद्भवण्याचा संभव मोठा असतो. तो लहान असतां सांपडला तर इलाज आहे. मिलान येथील माझ्झाफेरो व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ मध्यें दाखविलें कीं, पांच सेंटिमीटरपर्यंतची एक किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या फार तर तीन गांठी असलेले सुमारें ७५ टक्के रोगी यकृतरोपणानंतर चार वर्षें जगले. तेव्हां सारा प्रश्न वेळेचा आहे.

सध्यां अशा रोग्यांची दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करतात व तिच्या जोडीस बहुधा अल्फा-फीटोप्रोटीन हें रक्तांतील प्रथिन मोजतात. अबेलेव्ह यांना तें १९६३ मध्यें यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत आढळलें व पुढच्याच वर्षीं तातारिनोव्ह यांना मनुष्यांत. परंतु गांठ लहान असतां तें पुष्कळदां वाढत नाहीं, आणि कर्करोग नसतांहि केवळ यकृतदाहानें वाढतें.

म्हणून संशोधकांची दृष्टि चयापचयांतून निघणाऱ्या सूक्ष्म द्रव्यांकडे वळली. कर्करोगाची पेशी प्राणवायु असतांहि साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनविते, हें वारबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखविलें होतें. पेशींचा व्यवहार बदलला तर त्याची खूण रक्तांत उमटावी, हा त्यामागील तर्क. आजचीं यंत्रें थोड्याशा रक्तांतून पित्ताम्लें, मेदद्रव्यें, अमिनो आम्लें अशीं शेंकडों द्रव्यें मोजतात.

अडचण आहे ती येथेंच. यकृद्दाल्युदरानें पित्ताम्लें आधींच वाढलेलीं असतात व अमिनो आम्लांचें प्रमाणहि बिघडलेलें असतें. कर्करोगी व निरोगी मनुष्य यांच्या रक्तांत फरक दाखविणें सोपें. पण त्याचा उपयोग काय? ज्या घरांत सर्वच खोकतात, तेथें क्षयाचा रोगी केवळ खोकल्यावरून ओळखतां येत नाहीं. तुलना व्हावी ती यकृद्दाल्युदराच्याच रोग्यांमध्यें, सारख्या वयाच्या व यकृताच्या सारख्या अवस्थेच्या; आणि रक्तहि सारख्याच रीतीनें, उपाशीपोटीं घेतलेलें असावें.

श्रोत्यांनीं एक हिशेब मांडून पाहावा. एक हजार रोग्यांत वीस जणांना कर्करोग आहे असें धरूं. परीक्षेनें त्यांतले सोळा पकडले, आणि उरलेल्या ९८० पैकीं दर दहांत एकाला चुकून दोषी ठरविलें, तर ९८ जणांना खोटें भय पडेल. ठपका ठेवलेल्या ११४ पैकीं खरे रोगी सोळाच, आणि चार जण निर्धास्तपणें घरीं जातील!

म्हणून या परीक्षांना नित्याच्या तपासणींत अद्याप स्थान मिळालेलें नाहीं. त्यांना तें मिळेपर्यंत ज्या घरांत असा रोगी आहे, त्या घरानें सहामाही तपासणी चुकवूं नये. रोग्याला बरें वाटत असलें तर मुळींच नाहीं. आणि नव्या बालकाला हेपॅटायटिस-बी ची लस वेळेवर द्यावी, म्हणजे या रोगाचें एक मोठें मूळच तोडल्यासारखें होईल.