‘अथवा’चे चित्रकार : गुलाममोहम्मद शेख

‘अथवा’ हा शब्द मराठींत जितका परिचित आहे, तितकाच तो गुजरातींतहि आहे. दोन वाटांपैकीं एक पत्करण्यापूर्वीं माणूस क्षणभर थबकतो, त्या थबकण्याचा हा शब्द. १९७४ सालीं बडोद्याच्या एका चित्रकारानें आपल्या गुजराती कवितासंग्रहाला हेंच नांव दिलें. पुढें २०१३ सालीं त्यांच्या कविता पुन्हां ग्रंथरूपानें निघाल्या, तेव्हां त्या नांवाला आणखी एक शब्द जोडला गेला : ‘अथवा अने’, म्हणजे ‘अथवा आणि’. पहिलें अव्यय निवड करावयास लावतें, दुसरें जोडून देतें. गुलाममोहम्मद शेख यांनीं चित्रें काढलीं, कविता लिहिली आणि इतर कलावंतांच्या कृतींचीं प्रदर्शनें मांडलीं. या तिन्ही कामांमागची दृष्टि समजून घेण्यास हे दोन लहान शब्द फार उपयोगी पडतात.

शेख यांचा जन्म १९३७ सालीं सौराष्ट्रांतील सुरेंद्रनगर येथें झाला. १९५५ च्या सुमारास ते बडोद्यास आले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागांत शिकूं लागले. तेथें नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवीत होते. बेंद्रे यांचें नांव मराठी रसिकांना नव्यानें सांगावयास नको. शांतिनिकेतनांतून आलेले के. जी. सुब्रमण्यन हेहि तेथेंच होते. त्याच शहरांत सुरेश जोशी गुजराती साहित्याला नवें वळण देत होते. अशा रीतीनें रंग आणि शब्द या दोहोंचे संस्कार एकाच वेळीं या तरुणावर घडले. त्यांच्या जैसलमेरवरील कविता वाचतांना डोळ्यांना जें दिसतें, तें चित्रकाराच्या नजरेनेंच टिपलेलें असतें. आणि त्यांचीं चित्रें तर एका दृष्टिक्षेपांत पाहून होतच नाहींत, तीं ओळीओळीनें वाचावीं लागतात.

१९६३ ते १९६६ हीं वर्षें त्यांनीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें काढलीं. परदेशीं शिकावयास गेलेल्या माणसाला तेथें आपल्याच घरचें धन दृष्टीस पडावें, असा अनुभव त्यांना आला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत मोगल व राजपूत लघुचित्रें त्यांनीं डोळे भरून पाहिलीं. इटलींतील सिएना नगरांत आंब्रोजो लोरेंझेत्ती यानें चौदाव्या शतकांत रंगविलेलीं भित्तिचित्रें आहेत. सुराज्यांत नगर कसें नांदतें आणि कुराज्यांत तें कसें उजाड होतें, हें तीं दाखवितात. या दोन्ही परंपरांत एकाच चित्रांत अनेक घटना शेजारीं-शेजारीं घडत असतात. तीच रीत शेखांनीं पुढें आपलीशी केली.

१९६९ ते १९७३ या काळांत त्यांनीं एक चित्र रंगविलें. दीर्घ काळानंतर घरीं परतणें, हा त्याचा विषय आणि हेंच त्याचें नांव. त्यांत खालीं आईची मुद्रा आहे, तिच्यामागें गांवचीं घरें व मशीद, आणि वर आकाशांत इराणी लघुचित्रांतून उतरलेले देवदूत. आईचें रूप छायाचित्रावरून घेतलेलें, तर आकाश शेंकडों वर्षांपूर्वींच्या पोथींतलें. तरी दोहोंत विसंगति वाटत नाहीं. पुढें त्यांच्या आठवणींचें गद्य पुस्तक निघालें, त्याचेंहि नांव ‘घेर जतां’, म्हणजे ‘घरीं जातांना’, असेंच आहे.

याच काळांत भूपेन खक्कर यांच्यासह त्यांनीं बडोद्याहून ‘वृश्चिक’ नांवाचें लहानसें नियतकालिक चालविलें. ललित कला अकादमीच्या कारभाराविषयीं कलावंतांचा जो असंतोष होता, त्याला या ‘वृश्चिका’नें वाचा फोडली. परंतु त्याची नांगी जितकी तीक्ष्ण होती, तितकीच त्याची रसिकताहि मोठी होती. त्याचा एक अंक संतकाव्याला वाहिलेला होता आणि अरुण कोलटकरांनीं इंग्रजींत आणलेली आपल्या संतांची वाणी त्यांत छापलेली होती. चित्रकारांच्या पत्रिकेंत अभंगाला जागा असावी, हें संपादकांना मुळींच अप्रस्तुत वाटलें नाहीं.

जागा देण्याचा हाच प्रश्न पुढें अधिक बिकट स्वरूपांत उभा राहिला. १९८१ सालीं मुंबई व दिल्ली येथें ‘प्लेस फॉर पीपल’ हें सहा चित्रकारांचें प्रदर्शन भरलें. शेखांबरोबर खक्कर, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन आणि विवान सुंदरम् हे त्यांत होते. चित्रांत माणसाला पुन्हां स्थान मिळावें, हा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास बडोद्यांत जातीय दंगली उसळल्या. ज्या शहरांत हा कलावंत वाढला, शिकला आणि शिकवीत होता, तेंच शहर आतां प्रत्येकाला ‘तूं इकडचा अथवा तिकडचा?’ असें दरडावून विचारूं लागलें. १९८१ ते १९८४ या वर्षांतील ‘सिटी फॉर सेल’ या भव्य चित्रांत ‘सिलसिला’ चित्रपट, भाजीचा पसारा आणि दंगलीचा हाहाकार हीं सारीं एकमेकांना खेटून आहेत. चित्रकारानें येथें न्यायनिवाडा दिलेला नाहीं. पण पाहणाऱ्याला नजर चुकवितां येऊं नये, एवढी व्यवस्था मात्र केली आहे. लघुचित्रें पाहण्यासाठीं हा विद्यार्थी ज्या संग्रहालयाच्या पायऱ्या चढला होता, त्याच संग्रहालयानें पुढें हें चित्र आपल्या संग्रहांत घेतलें.

त्या दरडावणीला शेखांनीं दिलेलें उत्तर त्यांच्या नंतरच्या कृतींत सांपडतें. एब्स्टोर्फ येथील तेराव्या शतकांतला जगाचा एक वर्तुळाकार नकाशा १९४३ सालीं बाँबहल्ल्यांत नष्ट झाला. त्याच्या मध्यभागीं जेरुसलेम होतें. त्याची प्रतिकृति शेखांना एका साध्या पोस्टकार्डावर मिळाली. तें वर्तुळ घेऊन त्यांनीं नवे नकाशे रचले आणि त्यांत कोठें कबीर, कोठें मजनू, तर कोठें सुवर्णमृगामागें धांवणारा राम यांना वसविलें. राजस्थानांत भाट लोक लांकडी कावड घेऊन यजमानांच्या घरीं जातात व तिचें एकेक दार उघडीत कथा सांगतात. ही कावड म्हणजे आपल्याकडची खांद्यावरची कावड नव्हे. तें अनेक दारांचें फिरतें देवघर असतें. शेखांनीं माणसाला आंत शिरतां येईल एवढी मोठी कावड उभारली आणि तिलाहि ‘घर’ म्हटलें.

प्रदर्शन मांडणें हें कलावंताचें दुय्यम काम होय, अशी एक समजूत आहे. २००६ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत विनोदबिहारी मुखर्जी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेलें प्रदर्शन शेख व आर. शिवकुमार यांनीं मिळून योजिलें होतें. विनोदबिहारी हे सुब्रमण्यन यांचे गुरु, म्हणजे शेखांच्या गुरूंचेहि गुरु. जन्मापासून त्यांची दृष्टि अधू होती आणि १९५६ सालीं शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णपणें गेली; तरीहि हात थांबला नाहीं. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनांत १९४६-४७ सालीं त्यांनीं मध्ययुगीन संतांचें जें विशाल भित्तिचित्र रंगविलें, त्यांत कबीरहि आहे. ज्या शिष्यानें उत्तरायुष्यांत पुनःपुन्हां कबीर रंगविला, त्यानें आजेगुरूंच्या कृति गोळा करून लोकांपुढें ठेवल्या, तेव्हां तें काम दुय्यम कसें म्हणावें? तें ऋणाचें स्मरण होतें.

चित्रांत परक्या काळाला, कवितेंत परक्या गांवाला आणि प्रदर्शनांत दुसऱ्याच्या हाताला आपल्या घरांत जागा देणें, हें एकच काम या कलावंतानें तीन रीतींनीं केलें. ज्या शहरानें ‘अथवा’ हा शब्द दरडावून उच्चारला, त्याच शहरांत राहून त्यांनीं त्यापुढें ‘आणि’ लिहिलें.