भिंत पास की नापास? बांधण्याआधीच सॉफ्टवेअरला विचारा

हेडफोन लावलेत ना? मग आज एक छोटा प्रयोग. उन्हाळ्यात रात्री दहाच्या सुमारास घरातल्या पश्चिमेच्या भिंतीवर आतून हात ठेवून बघा. कोमट लागेल. सूर्य मावळून तीन तास झालेत, एसी सुरू आहे, आणि भिंत अजून दुपारचं ऊन आत सोडतेय. ते ऊन बाहेर काढायचं बिल तुम्ही भरता. पण ती भिंत कशाची बांधायची, हे ठरवलं दुसऱ्याच कुणीतरी.

आता यावर काही नियम आहे का? आहे. नाव आहे इको निवास संहिता, २०१८. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, या केंद्र सरकारच्या संस्थेची. एसीवर तारे छापतात ना, तीच बीईई. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या रहिवासी इमारतींसाठी आहे. ऑफिस, मॉल, हॉस्पिटल यांच्यासाठी वेगळी संहिता आहे, ईसीबीसी. ती २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली.

इको निवासचा मुख्य आकडा एकच. आरईटीव्ही. घाबरू नका, सोपं आहे. छप्पर सोडून, भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता, दर चौरस मीटरमागे सरासरी किती वॅट? उत्तर १५ किंवा त्याहून कमी आलं तर पास. छपराची परीक्षा वेगळी होते.

हा हिशेब हाताने करायचा म्हणजे डोकेदुखी. प्रत्येक दिशेची भिंत वेगळी, प्रत्येक खिडकी वेगळी. म्हणून बीईईने मोफत सॉफ्टवेअर दिलंय. शहर निवडा, भिंतींची आणि काचेची माहिती भरा, निकाल समोर. आतलं गणित तीन तुकड्यांचं आहे: भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट घुसणारं ऊन.

चला, मुंबईतली एक इमारत घेऊ. चारही बाजू सारख्या. बाहेरच्या पृष्ठभागाचा २० टक्के भाग काच, ८० टक्के भिंत. काच साधी, एकेरी, उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडणारी. खिडकीवर छज्जा नाही.

आधी भिंत १५० मिलिमीटर काँक्रीटची घेऊ. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून सगळी भिंतच ओततात, साइटवर ज्याला मायवान म्हणतात, ती. आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल तर हिच्या एका चौरस मीटरमधून साधारण ३.७७ वॅट उष्णता जाते. निकाल? २७. सपशेल नापास! त्यातले १५ तर एकट्या भिंतीचे. म्हणजे खिडक्या कितीही सुधारा, ही भिंत उघडी ठेवून इमारत पास होणार नाही.

आता फक्त भिंत बदलू. २०० मिलिमीटरचे एएसी ब्लॉक, ते वजनाला हलके, राखाडी. यांचा आकडा साधारण ०.७७. निकाल १४.९. पास! टाळ्या!

थांबा, टाळ्या नकोत. खरी गोष्ट इथून सुरू होते.

एएसी ब्लॉकची इमारत नुसती ब्लॉकची नसते. मध्ये काँक्रीटचे कॉलम असतात, बीम असतात, आणि बाहेरून त्यांच्यावरही तेवढंच ऊन पडतं. समजा, बाहेरच्या एकूण पृष्ठभागाचा २० टक्के भाग हा असा काँक्रीटचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो वेगळा भरला की निकाल होतो जवळपास १८. नापास. सॉफ्टवेअर तेच, इमारतही तीच. भरणाऱ्याने एक ओळ भरली की दोन, एवढाच फरक.

आणि सॉफ्टवेअर विचारत नाही हो, की "दादा, कॉलम विसरलात का?" तुम्ही भराल ते त्याच्यासाठी खरं.

आता दुसरी चूक. हवा खेळती राहावी म्हणून मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात कार्पेट एरियाच्या एक षष्ठांश एवढी खिडकी उघडता आली पाहिजे. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला १० चौरस मीटर. पण आपल्याकडे खिडकी कुठली? सरकती. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही ओढा, अर्धीच उघडते. संहिताही ती अर्धीच मोजते. अख्खी भरली तर कागदावर वारा सुटतो, घरात मात्र घाम.

मग आपल्या १८ वाल्या इमारतीचं काय करायचं? इथे सॉफ्टवेअरचा खरा उपयोग. बांधण्याआधी दहा पर्याय तपासा, एक वीटही लागत नाही. खिडकीवर नीट छज्जा दिला आणि काच थोडी बरी घेतली, म्हणजे आत येणारं ऊन ८० टक्क्यांवरून ५० वर आलं, तर निकाल १४.१. परत पास. किंवा खिडकीची दिशा बघा. आपल्या अक्षांशावर पश्चिमेच्या भिंतीचा गुणक १.१५६, उत्तरेचा ०.६५९. तीच खिडकी पश्चिमेऐवजी उत्तरेला घेतली की तिचा वाटा सुमारे ४३ टक्के कमी. फुकटात!

ऑफिससारख्या मोठ्या इमारतीला याहून तगडी परीक्षा देता येते. एनर्जीप्लस नावाचं मोफत सॉफ्टवेअर वर्षाचे सगळे ८७६० तास एकेक करून चालवून बघतं. ईसीबीसीसाठी दोन इमारती उभ्या करतात: एक तुमची, दुसरी तशीच पण नियमातल्या किमान गुणांची. तुमचा वार्षिक वीजवापर दुसरीपेक्षा जास्त नसला की पास.

आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर इमारत तपासत नाही, इमारतीचं वर्णन तपासतं. नकाशात छज्जा होता, बांधताना खर्च वाचवायला उडवला, तरी फाइलमध्ये निकाल पासच राहतो. म्हणून रिपोर्ट आला की काम संपलं नाही. कुणीतरी तो हातात घेऊन साइटवर गेलं पाहिजे.

२०२२ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीने रहिवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. पण बांधकाम परवानगीत हे सक्तीचं व्हायला राज्याने आणि महापालिकेने आपापल्या नियमात ते घ्यावं लागतं. तोवर तुम्ही काय करू शकता? घर बघायला गेलात की सॅम्पल फ्लॅटचा सोफा नंतर बघा. आधी तीन प्रश्न विचारा. बाहेरची भिंत कशाची आणि किती जाडीची? आरईटीव्ही किती, आणि त्यात कॉलम-बीम धरलेत का? नकाशातले छज्जे प्रत्यक्षात बांधणार का? वरचा मजला घेत असाल तर चौथा: छपराचा आकडा १.२ च्या आत आहे का? नुसता काँक्रीटचा स्लॅब त्यात बसत नाही.

सेल्समन गडबडेल. गडबडू दे. फ्रिज घेताना तारे मोजणारे आपण, आयुष्यभराचं कर्ज काढताना भिंत का मोजू नये?

तर आज रात्री दहा वाजता भिंतीला हात लावा, आणि कोमट लागली की कोणत्या दिशेची, कशाची, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पडदे ओढून घ्या, काळजी घ्या!