कोरा रकाना
(वार्षिक संमेलनात तरुण सभासदांपुढे केलेले भाषण)



बाब अल बहरीन म्हणजे बहरीनचे द्वार. एके काळी समुद्र या कमानीच्या पुढ्यात होता. भराव घालून तो दूर सारण्यात आला. शुक्रवारी कामगारांची पावले या दारामागील बाजाराकडे वळतात. आपल्या सभासदांची पहिली नोंदवही आम्ही त्याच गल्ल्यांतून हिंडून भरली. पुढे ती संगणकात गेली. तिला प्रश्न विचारताना आमच्या हातून ज्या चुका घडल्या, तेवढ्यांविषयीच आज आम्ही बोलणार आहोत.

मोजणीचे मोल आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९५६ च्या धर्मांतरानंतर, १९६१ मध्ये, २७ लाखांवर गेले; तरीही अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत त्यांना स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

एसक्यूएल ही माहितीच्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी ती उभी केली. शब्द चुकला तर संगणक तत्काळ तक्रार करतो. ती चूक बरी. भय आहे ते बिनतक्रार चालून चुकीचे उत्तर देणाऱ्या क्वेरीचे.

२०२० च्या महामारीत शिधावाटपाची यादी काढावयाची होती. एका कंपनीच्या कॅम्पमध्ये जेवणाची सोय असल्याने तेथील सभासद वगळावेत असे ठरले. कंपनीच्या रकान्यात ते नाव नसलेले सर्व द्यावेत, अशी क्वेरी आम्ही लिहिली. यादी क्षणात आली, पिशव्या वाटल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी एका ताईंनी विचारले, "दादा, आमचं नाव कसं नाही?" त्यांच्या पतीची नोकरी गेली होती, म्हणून आमच्याच कार्यकर्त्याने कंपनीचा रकाना कोरा केला होता.

एसक्यूएलमध्ये असा कोरा रकाना म्हणजे नल. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'ठाऊक नाही'. 'कंपनी अमुक नाही ना?' या प्रश्नाला नल 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. उत्तर अज्ञात राहते. व्हेअर मात्र 'हो' म्हणणाऱ्या ओळींनाच पुढे सोडते. ज्यांची नोकरी गेली, नेमके तेच यादीतून गळाले! उपाय अर्ध्या ओळीचा होता: 'किंवा कंपनी इज नल' ही जोड द्यावयाची आणि दोन्ही अटी एका कंसात ठेवावयाच्या. याच जातकुळीची दुसरी चूक म्हणजे नॉट इन. त्याच्या आतील यादीत एक जरी नल शिरला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. तेथे नॉट एक्झिस्ट्स वापरावे.

वर्गणीचेही तसेच. न दिलेल्यांची नावेही दिसावीत म्हणून आपण लेफ्ट जॉइन करतो आणि लगेच व्हेअरमध्ये वर्गणीचे साल लिहितो. न दिलेल्यांपुढे साल नल असते. ते पुन्हा गळतात. सालाची अट ऑनमध्ये न्यावी. वर्गणी आणि मुले हे दोन्ही तक्ते एकदम जोडले, तर तीन मुलांच्या बापाचे दहा दिनार तीस होतात, आणि खजिनदारांना घटकाभर आनंद होतो. आधी बेरीज करावी, मग जोडावे. डिस्टिंक्टचे ठिगळ लावू नये. कोणी खरोखरच दोनदा दहा दिनार दिले असतील, तर त्यातले एकदाचे बुडतात.

येथील सीपीआर क्रमांक नऊ अंकी असतो व जन्माच्या वर्षाने सुरू होतो. २००० ते २००९ या काळात जन्मलेल्यांचा क्रमांक म्हणून शून्याने सुरू होतो. आकड्यांच्या रकान्यात ते शून्य उडते, आणि नेमकी विद्यार्थ्यांचीच नोंद दुसऱ्या तक्त्याशी जुळत नाही. ज्या क्रमांकाची बेरीज करावयाची नाही, तो मजकूर म्हणूनच ठेवावा. नावांवरून जोडणी तर करूच नये. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पवारांचे बवार होतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहावी. ६/१२ लिहिले तर महिना आधी वाचणारी यंत्रणा महापरिनिर्वाण दिन १२ जूनला नेते. रकान्यात वेळही असेल, तर बिट्वीनने १ ते ६ डिसेंबर मागितल्यास सहा तारखेची मध्यरात्रीनंतरची सारी देणगी सुटते. 'सात तारखेच्या आधी' असे लिहावे.

आता कोणतीही यादी छापण्यापूर्वी आम्ही तीन आकडे काढतो: एकूण सभासद, यादीत आलेले आणि वगळलेले. शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याशी जुळली आणि वगळलेल्यांची नावे एकदा डोळ्यांखालून गेली, की मगच पिशव्या भरतो. त्या ताईंकडे पिशवी आम्ही त्याच रात्री पोहोचवली. कोऱ्या रकान्याची आणखी अकरा नावे निघाली. दुसऱ्या दिवशी बाबमागील गल्ल्यांतून आम्ही त्यांच्या खोल्या शोधल्या. दोघे तोवर खोली सोडून गेले होते.

जय भीम.