पंखावरची नक्षी ठरते कधी?

किनवटच्या सागवानी रानात किंवा लातूरकडच्या ज्वारीच्या शिवारात दिवस मावळताना एक मातकट फुलपाखरू जमिनीलगत उडतं. शास्त्रीय नाव मेलानायटिस लेडा. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या अंगाला पिवळ्या कड्यांचे ठसठशीत डोळे असतात. दिवाळीनंतरच्या पिढीत ते जेमतेम टिंबाएवढे उरतात आणि मिटलेला पंख हुबेहूब वाळका पाचोळा वाटतो. पूर्वी या दोन रूपांना दोन जाती मानत. लायोनेल द निसव्हिल यांनी कलकत्त्यात अळ्या पाळून १८८६ साली त्या एकच असल्याचं मांडलं. कुणी म्हणेल, उन्हानं रंग विटला असेल. रंग विटतो खरा, पण विटल्यानं डोळा आक्रसत नाही. पंखावरचा प्रत्येक खवला एका पेशीतून घडतो आणि कोश फुटण्याआधीच त्याचा रंग पक्का झालेला असतो.

म्हणजे फुलपाखराला वारशानं तयार चित्र मिळत नाही, चित्र काढण्याचा नियम मिळतो. अमेरिकेत फ्रेडरिक नायहाउट यांनी १९८० मध्ये कोशातल्या पंखावरच्या डोळ्याच्या मध्यातल्या पेशी उचलून दुसरीकडे लावल्या, तर डोळा तिथं उमटला. मधून निघणाऱ्या संदेशापासून पेशी किती दूर, यावर तिचं कडं ठरतं. याच्याच भावकीतल्या एका आफ्रिकी फुलपाखराच्या अळ्या २७ अंशांत वाढवल्या तर डोळे मोठे येतात, २० अंशांखाली लहान. मधला दुवा कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचा. मग आनुवंशिकतेला काय उरलं? भरपूर उरलं. त्याच जातीत मोठ्या डोळ्यांची जोडपी निवडत गेलं, तर काही पिढ्यांत तापमान तेच असूनही डोळे वाढतात.

खरी अडचण आपल्याकडची आहे. तिकडे आफ्रिकेत ऊब आणि पाऊस जोडीनं येतात; मराठवाड्यात मे महिना भाजून काढतो आणि पाऊस क्वचितच पडतो. ऊब हीच पावसाळ्याची खूण असेल, तर ती इथं फसवी ठरायला हवी. माझा तर्क असा, की ती क्वचितच फसते, कारण रब्बीची ज्वारी निघाल्यावर अळीला हिरवं पानच मिळत नाही. पाचोळ्यात दबून राहतात ती प्रौढ फुलपाखरं. मृगाच्या पावसावर गवत उगवतं तेव्हाच पुढची पिढी वाढते, आणि तेव्हा ऊब असतेच. अपवाद ओलिताचा. नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावरचा ऊस एप्रिलातही हिरवा असतो आणि ही अळी उसाची पानंही खाते. तिथं वाढलेलं पाखरू ऐन उन्हाळ्यात मोठे डोळे घेऊन पाचोळ्यावर बसत असावं. भक्षकाची चोच पंखाच्या कडेकडे वळवण्यासाठी असलेले ते डोळे तिथं त्याला उलट उघडं पाडत असतील. नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयानं दोन उन्हाळे फडाकडेला मोजदाद केली, तर हा तर्क टिकतो की नाही ते कळेल.