तुरुंगातले रविवार



1932 साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा शिक्षा भोगत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेवर बोलत. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही खाडा नाही. अमळनेरची शिक्षकी सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी तिथेच कैदेत होते. विनोबा बोलायचे आणि गुरुजी समोर बसून भराभर उतरवून घ्यायचे. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते त्या लिहिण्यामुळे. तुरुंगात वेळ कसा घालवला, याचा कुणी जाब विचारत नाही. या दोघांनी तो वाया घालवला नाही, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

इतिहासाचार्य राजवाडेही याच गावचे होऊन राहिले. गावोगाव हिंडायचं, जुन्या वाड्यांतली दप्तरं धुंडाळायची, स्वतःच्या हातानं रांधून खायचं. अंगावर खर्च जवळजवळ नाही. हाती येईल ते कागदपत्रांसाठी आणि छपाईसाठी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड असे उभे राहिले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ निघालं. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांनी ते अजून पाहिलं नसेल, त्यांनी या सुट्टीत जरूर पाहावं.

राजवाड्यांसारखं राहा, असं मी सांगत नाही. आजच्या या कार्यक्रमात मनसोक्त नाचा, गा. पण हातातला मोबाईल हप्त्यावर घेतला असेल, तर त्यापायी किती क्विंटल कापूस गेला, हे एकदा वडिलांना विचारा. आणि रात्री दोनपर्यंत त्यावर बोट फिरवल्यानं सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं, हेही मोजा. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, पुण्याला मुलाखतीला जायचं भाडं, आयटीआयवाल्याची चांगली अवजारं, इथे मात्र हात आखडू नका.

पालकांनो, एक बोलू द्या. आपल्या खान्देशात मुलीच्या हळदीला डीजे लावायला कर्ज निघतं आणि त्याच मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीला ‘पुढच्या साली पाहू’ म्हणतात. माझी हात जोडून विनंती आहे: यंदा आधी फी भरा, डीजेचं नंतर बघा.