धर्मांतर आणि मागे राहिलेल्यांचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भिवापूर येथे दिलेले भाषण)



वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवर-परिचय या नित्याच्या विषयांच्या पंगतीत कार्यकारिणीने मला 'धर्मांतराची नीती' हा विषय वाढला आहे. तो अकारण नव्हे. एखाद्या घरातील मुलाने वा मुलीने अन्य धर्म स्वीकारला, तर त्या घराचे नाव मंडळाच्या परिचय-पुस्तिकेतून गाळावे, असा विचार आपल्यातील काही बंधू बोलून दाखवितात. हा विचार ठरावाचे रूप घेण्यापूर्वी त्याचा शांतपणे विचार व्हावा, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

धर्मांतराच्या प्रश्नासाठी नागपूर जिल्ह्यातील माणसाला दूर जावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात भिक्षू चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः लाखो अनुयायांना ती दिली. आश्चर्य असे की, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी, यांनीही याच सोहळ्यात दीक्षा घेतली. ज्यांच्या समितीने धर्मांतरांवर निर्बंध सुचविले, त्यांनीच त्याच वर्षी धर्म बदलावा, यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा आक्षेप दडपणाला व आमिषाला होता. विचारपूर्वक केलेल्या निवडीला नव्हता, असेच त्यांच्या कृतीवरून मी समजतो.

तेव्हा पहिली कसोटी ही की, निर्णय कोणी, किती समजून आणि कशाच्या मोबदल्यात घेतला? 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' या आशयाची घोषणा बाबासाहेबांनी येवल्यास 1935 मध्ये केली. ती प्रत्यक्षात आली 1956 मध्ये. मधली 21 वर्षे त्यांनी अनेक धर्मांचा अभ्यास केला आणि आपल्या लोकांपुढे तो विषय वारंवार मांडला. आपल्यापैकी किती जण स्वतःच्या धर्माचा 21 दिवस तरी अभ्यास करतात, हे ज्याचे त्याने मनाशी म्हणावे!

मोबदल्याचे म्हणाल, तर हिशेब उलटाच निघतो. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशानुसार केंद्राच्या सवलती त्या वेळी बौद्धांना लागू नव्हत्या. दीक्षा घेणाऱ्याने त्या गमावल्या. केंद्राकडून त्या परत मिळावयास 1990 साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात 1951 च्या शिरगणतीत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, ते 1961 मध्ये 27 लाखांहून अधिक झाले. पदरचे देऊन जे लोक इतक्या संख्येने जातात, त्यांच्यावर लोभाचा आरोप करता येत नाही.

मग ते गेले कशासाठी? येथे आपण कोष्टी मंडळींनी जरा थांबावे, कारण उत्तर आपल्या मागाशी येऊन पोचते. या भागात बारीक सुताचे, किनारीचे कापड आपण विणीत होतो आणि जाडेभरडे कापड महार विणकर विणीत होते. हात दोघांचेही मागावरचे, पण पाणवठा निराळा. पुढे गिरण्या आल्या. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार बरा मिळे. पण अस्पृश्यांना तेथे प्रवेश नसे. कारण कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावण्यास इतर विणकर तयार नसत. 1928 च्या गिरणी-संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. धोटा कसा धरतात हे या सभेत कोणाला समजावून सांगावयास नको. म्हणूनच मला असे वाटते की, धर्मांतराच्या नीतीची चर्चा जाणाऱ्याच्या अंगणात सुरू न करता ज्या घरातून तो गेला त्या घराच्या ओट्यावर सुरू करावी.

कोणी म्हणतात, सर्व धर्म सारखेच. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर आम्हीही चादर चढवितो. मग धर्म बदलण्याची गरजच काय? ही भावना गोड आहे, आणि आपल्या वैदर्भीय जीवनात ती खरीही आहे. परंतु सर्व धर्म जर सारखेच, तर एक जण या घरातून त्या घरात गेल्याने आपला तोल का जावा? वस्तुतः दर्ग्यावर जाणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही म्हणून तो जातो; जेथे जात विचारली जाते तेथून माणूस निघतो. शिवाय बौद्ध धर्म आपल्या मातीला परका नाही. शेजारच्या पवनीस 1969-70 मध्ये उत्खनन झाले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. वैनगंगेच्या काठी हा धर्म आपल्या पणजोबांच्या पणजोबांहूनही जुना आहे.

बावीस प्रतिज्ञांमध्ये देवदेवतांचा त्याग आहे, त्याने आमचे मन दुखावते, असेही बोलले जाते. दुखावणे स्वाभाविक आहे. पण घर सोडणाऱ्याला आपण काय सोडीत आहोत हे सांगावेच लागते. त्याग म्हणजे निंदा नव्हे. कोणाच्या दैवताची टवाळी मात्र कोणत्याही धर्माने करू नये, आपल्याही.

आता दुसरी बाजू. रुग्णाच्या खाटेशी बसून, उपाशी माणसापुढे ताट ठेवून, किंवा लग्न जुळावे म्हणून एका सहीपुरता धर्म बदलविणे, यांना मी धर्मांतर म्हणावयास तयार नाही. तो सौदा होय. सर्वोच्च न्यायालयानेही 1977 मध्ये मध्यप्रदेश व ओरिसाचे कायदे वैध ठरविताना असे म्हटले की, घटनेच्या 25 व्या कलमातील धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क अंतर्भूत नाही. मात्र जी कसोटी जाणाऱ्याला, तीच परत आणल्या जाणाऱ्याला लावली पाहिजे. परत येण्यासाठी दाखविलेले आमिष हेही आमिषच.

आणि परत येणाऱ्याचे तरी आपण काय केले? 1843 मध्ये मुंबईत मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तेव्हा सनातन्यांनी खुद्द बाळशास्त्रींवरच बहिष्काराचे शस्त्र उपसले. जाण्याचे दार लावावयाचे आणि येण्याचेही लावावयाचे, ही कसली धर्मरक्षा?

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, काही काळ नागपुरात होते. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थामुळे त्यांचे विचार ख्रिस्ती धर्माकडे वळले आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापाठोपाठ गेल्या नाहीत. विरह सोसला, आप्तांचे बोल सोसले, आणि स्वतःच्या मनाने जातिभेदाचा निकाल लावल्यावर, 1900 मध्ये, त्या ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या धर्मात जावयासही त्यांनी पाच वर्षे घेतली! भगिनींनो, घरातील पुरुषाने धर्म बदलला वा टिकविला म्हणजे बाईचा निर्णय आपोआप झाला, असे आपण अजूनही धरून चालतो. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य वाचावे. शिष्यवृत्तीबरोबर मंडळाने ते पुस्तकही द्यावे, असे मी सुचवितो.

आता पुस्तिकेच्या प्रश्नाकडे येतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला असून तो 2017 पासून अंमलात आहे, तेव्हा जातपंचायतीच्या जुन्या दंडाची भाषा आता बोलता येणार नाही. पण कायद्याच्या भीतीने आपण थांबावे, असे मला म्हणावयाचे नाही. एका मुलीच्या निर्णयासाठी तिची आजी हळदीकुंकवाला बोलावली जाऊ नये, तिच्या भावाचे स्थळ मागे फिरावे, हे कोणत्या नीतीत बसते? अन्य धर्मात गेलेले ते मूल दिवाळीला घरी आले, तर आईने त्याला ताटावर बसवावे की शेजाऱ्यांच्या खिडक्या पाहाव्यात, हा प्रश्न आपण त्या आईवर का लादावा?

माझी सूचना अशी : पुस्तिकेतून कोणत्याही कुटुंबाचे नाव धर्माच्या कारणाने गाळू नये, धर्माचा रकाना ज्याचा त्याने भरावा, न भरल्यास कोरा ठेवावा, आणि मृत्यूप्रसंगी मंडळाने पाठवावयाचे साहाय्य अशा घरांनाही पूर्वीप्रमाणे जावे. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असल्यास हा मजकूर मी लेखी स्वरूपात चिटणिसांकडे देतो. दुपारच्या सत्रात त्यावर मत घ्यावे.